फिलोस घराण्याचा मूळपुरुष आणि कॉम्प्टनची पुरवणी

पाहुण्यांना घेऊन जयविलास महालात गेलो की दरबार हॉलमध्ये एक गोष्ट ऐकायला मिळतेच. साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगायची होती, छत पेलेल का हे बघायला आधी वर हत्ती चढवले. हत्ती आठ होते की दहा, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. आणि त्याला जोडूनच दुसरे वाक्य येते: हा महाल सर मायकेल फिलोस नावाच्या इटालियन आर्किटेक्टने बांधला.

हत्तींबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती 'इटालियन' या शब्दाबद्दल. महाल १८७४ सालचा, जयाजीराव महाराजांनी बांधवलेला. त्या वेळी फिलोस घराण्याला शिंद्यांच्या चाकरीत ऐंशी वर्षे होऊन गेली होती. सर मायकेल हा नेपल्सहून बोलावून आणलेला कारागीर नव्हता. तो इथल्याच एका सरदार-घराण्यातला, मूळपुरुषानंतर काही पिढ्यांनी झालेला. त्याला इटालियन म्हणायचे असेल तर जयाजीरावांना कण्हेरखेडचे पाटील म्हणायला हवे. खालचा मजला टस्कन, मधला डोरिक, वरचा कोरिंथियन, म्हणून 'शेवटी रक्तच बोलतं' असेही कुणी सांगतो. अहो, तेव्हाच्या संस्थानी इमारतींत युरोपी खांब कुठे नव्हते? त्यासाठी नेपल्सचे रक्त लागत नव्हते, नकाशांची पुस्तके पुरत होती.

हा घोळ गाईडने केलेला नाही. त्याच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचे छापील लेखन आहे, आणि त्यातले सर्वांत जास्त उसने घेतलेले पुस्तक म्हणजे हर्बर्ट कॉम्प्टनचे, हिंदुस्थानातल्या युरोपी लष्करी साहसवीरांवरचे, १८९२ साली लंडनला निघालेले. फिलोसांवर काहीही वाचायला घ्या, दोन पानांत कॉम्प्टन येतोच. म्हणून त्या पुस्तकाकडे एकदा वंशावळ शोधणाऱ्याच्या नजरेने बघावे असे वाटले. वाचायला ते झकास आहे, हे आधीच कबूल करतो. लढाया डोळ्यांसमोर उभ्या राहतात. पण घराण्याचा इतिहास म्हणून त्याच्यावर विसंबणे मला पटत नाही, आणि त्याची कारणे पुस्तकाच्या बांधणीतच आहेत.

पुस्तकाचे नायक तीन: द बॉयन, जॉर्ज थॉमस आणि पेरों. बाकी सगळे मागच्या पुरवणीत, आडनावांच्या अकारविल्हे. फिलोस तिथे. शिवाय पुस्तकाची मुदत नावातच दिलेली आहे, १७८४ ते १८०३. म्हणजे लेक आणि वेलस्ली यांनी शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या की गोष्ट संपली. आता बघा, द बॉयन १८०३ च्या आधीच युरोपला परतला होता. थॉमस १८०२ मध्ये कलकत्त्याच्या वाटेवर वारला. पेरों १८०३ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पुढे फ्रान्सला गेला. तिन्ही नायक रंगभूमीवरून गेले, पडदा पडला. पण फिलोस गेले नाहीत. जाँ बातिस्त फिलोसची खरी कारकीर्द १८०३ नंतरची आहे. जे घराणे टिकले ते पुरवणीत, आणि जे गेले ते मजकुरात, अशी ही रचना. कॉम्प्टनचा यात दुष्टपणा नाही. त्याला सरदारांच्या उदयास्ताची कथा सांगायची होती आणि न मावळलेला माणूस त्या कथेत बसत नव्हता.

कागदांचेही तसेच झाले. द बॉयन मूळचा सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा. तो पैसा घेऊन गावी गेला, १८३० पर्यंत जगला, गावाला देणग्या दिल्या. त्याच्या स्मरणार्थ उभारलेले हत्तींचे कारंजे आजही तिथल्या चौकात आहे. पत्रे, हिशेब, दस्त सगळे त्याच्याबरोबर घरी पोहोचले. परत गेलेल्याचे दफ्तर झाले. राहिलेल्याची नुसती आख्यायिका झाली. फिलोसांच्या बाबतीत ही आख्यायिका एका वाक्यावर उभी आहे.

ते वाक्य असे: घराण्याचा मूळपुरुष मायकेल (घरी तो मिकेले असणार) नेपल्सचा, हलक्या कुळीचा, मायदेशी खेचरे हाकायचा. कॉम्प्टन हे सांगतो, त्याच्यानंतरचे सगळे त्याच्यावरून सांगतात. पण कॉम्प्टनला ते मिळाले लुई फर्डिनंड स्मिथच्या पुस्तकातून. हा स्मिथ पेरोंच्या फौजेत मेजर होता. १८०३ मध्ये कंपनी सरकारने जाहीरनामा काढला, शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमची सोय लावतो, म्हणून. स्मिथ गेला, आणि मग देशी राजांच्या कवायती फौजांवरचे त्याचे पुस्तक कलकत्त्याला छापले गेले. त्यात मायकेलबद्दल चांगला शब्द शोधून सापडत नाही. खेचरांचा तपशीलही माहिती म्हणून आलेला नाही, टोमणा म्हणून आलेला आहे. एका छावणीतल्या अधिकाऱ्याने दुसऱ्याच्या कुळावर केलेली शेरेबाजी, तीही पक्ष बदलल्यानंतर केलेली. स्मिथने मायकेलचे गाव पाहिले नव्हते, त्याचा बाप पाहिला नव्हता. तरी आज हे वाक्य वंशवृक्षाच्या मुळाशी 'व्यवसाय: खेचरवाला' म्हणून बसले आहे.

स्मिथचे वाक्य खोटेच आहे असे मी म्हणत नाही. खेचरे हाकणे हा त्या डोंगराळ मुलखात प्रतिष्ठित नसला तरी मोठा धंदा होता. धान्य, तेल, दारू सगळे खेचरांच्या पाठीवरून जायचे. आपल्याकडे लमाणांचे तांडे होते तसेच. गंमत अशी की हे वाक्य तपासता येण्यासारखे आहे, आणि तपासण्याची खटपट या पुस्तकांत कुठे दिसत नाही.

इटालियन पूर्वज शोधणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळते: आपला माणूस 'इटलीहून' आला नव्हता. १८६१ पर्यंत इटली नावाचे राज्यच नव्हते. मायकेल ज्याला आपला देश म्हणाला असता ते नेपल्सचे राज्य, आणि ते राज्य म्हणजे जवळजवळ सगळा दक्षिण इटली. तेव्हा इंग्रजी पुस्तकातला 'नेपल्सचा' हा शब्द शहराचा पत्ता नाही. पुण्याच्या दरबारातल्या माणसाला दिल्लीवाल्याने 'दखनी' म्हणावे, तितकाच तो नेमका. या एका शब्दावरून नेपल्स शहरातल्या चर्चच्या वह्या चाळायला बसणे म्हणजे 'दखनी' वाचून फक्त पुण्यातली घरे शोधणे.

दुसरे, नावाचे. इंग्रजी कागदांत ते 'ओ' नंतर कधी एस, कधी झेड घालून येते. मराठीत आपण फिलोस, फिलोज, फिलोझ सगळे लिहितो. नेपल्सच्या परिसरात 'फिलोसा' हे आडनाव आजही आढळते. तिकडच्या बोलीत शब्दाचा शेवटचा स्वर अर्धा गिळला जातो, त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याच्या कागदावर 'फिलोसा'चे 'फिलोस' सहज होते. हा माझा अंदाज, पुरावा नव्हे. पण शोध घ्यायचा तर या अंदाजाला धरून घ्यावा, 'फिलोझ' या इंग्रजी रूपाला धरून नव्हे. अमेरिकेतल्या इटालियन कुटुंबांत एक लाडकी समजूत असते की एलिस आयलंडच्या कारकुनाने आमचे नाव बदलले. प्रत्यक्षात तिथले कारकून जहाजावरून आलेली यादी समोर ठेवून काम करत; नावे बदलली ती पुढे, शेजारी-पाजारी, शाळेत, कारखान्यात. फिलोसांचेही नाव कुणी एका दिवसात बदलले नसावे. छावणीत फ्रेंच, इंग्रज, मराठे, पूरबिये सगळे. जो तो आपल्या जिभेने हाक मारणार.

मग नेपल्सकडच्या नोंदी. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद तिकडे १८०९ पासून, नेपोलियनच्या अमलात सुरू झाली. या नोंदींच्या प्रती आज इटालियन सरकारच्या 'अंतेनाती' (म्हणजे पूर्वज) नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज तिथे दिवसेंदिवस बसलेले असतात. आपल्याला त्याचा उपयोग नाही, कारण मायकेल १७९० च्या दशकात शिंद्यांच्या पलटणी चालवत होता. त्याच्यासाठी जुन्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि त्याहून कामाचा म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यात बूर्बोन राजा कार्लोने करवलेला कर-आकारणीचा खर्डा, 'कातास्तो ओन्चारिओ'. त्यात गावोगावचे कुटुंबप्रमुख, घरातली माणसे, त्यांची वये, धंदा, जनावरे असे सगळे लिहिलेले असते. आपल्या जमाबंदीच्या कागदांची सवय असलेल्याला ते लगेच कळेल. मायकेलचा बाप खरोखर खेचरवाला असेल तर तो धंद्यानिशी, खेचरांनिशी तिथे असायला हवा. अडचण एवढीच की खुद्द नेपल्स शहर या आकारणीतून वगळलेले होते. आणि नेपल्सच्या सरकारी दफ्तरातले सर्वांत मौल्यवान कागद, युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून नोलाजवळच्या एका वाड्यात हलवलेले, ३० सप्टेंबर १९४३ ला जर्मन सैनिकांनी जाळले. ते बरेचसे मध्ययुगीन होते, तरी नेपल्सच्या अभ्यासकाला त्या आगीची आठवण काढल्याशिवाय बोलता येत नाही.

आणखी एक वाट आहे. मायकेल फ्रेंच सैन्यातला शिपाई म्हणून इकडे आला असे सांगितले जाते. फ्रेंच पलटणींचे हजेरीपट अठराव्या शतकात फार बारकाईने ठेवले जात: जन्मगाव, पुष्कळदा आईबापांची नावे, उंची, चेहऱ्याची ठेवण, आणि पळून गेला असेल तर तारीख. ते पट पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यात आहेत. खेचरांच्या वाक्यापेक्षा त्यातली एक ओळ कितीतरी मोलाची.

पण हे सगळे मी शेवटच्या टप्प्याचे काम मानतो. वंशावळ शोधणारा नवखा माणूस नेमकी उलटी चूक करतो. पहिल्याच दिवशी समुद्रापलीकडे उडी मारतो. जो माहीत आहे तिथून एकेक पिढी मागे जायचे, हा साधा नियम. तो पाळला तर कॉम्प्टनच्या नोंदीतले दुसरे, जास्त गंभीर न्यून दिसते.

मराठी वाचकाला मायकेल फिलोस एका प्रसंगामुळे माहीत आहे. ३१ डिसेंबर १७९७. पुण्याला वानवडीच्या छावणीत दौलतराव शिंद्यांच्या भेटीला नाना फडणीस गेले ते फिलोसने सुरक्षिततेचा शब्द दिला म्हणून, आणि तिथेच पकडले गेले. त्या रात्री पुण्यात नानांच्या पक्षाच्या लोकांची घरे लुटली गेली. नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. ग्रँट डफपासून सगळ्यांनी हे लिहिले आहे आणि शब्द मोडल्याचा डाग मायकेलवर बसला तो बसलाच. तो पुसायचा माझा उद्योग नाही. पण त्या कारस्थानात सर्जेराव घाटगे होते, स्वतः दौलतराव होते. हुकूम कुणाचा आणि पापाचा धनी कोण, याची वाटणी करताना इंग्रजी पुस्तके 'हलक्या कुळीचा नेपल्सवाला' म्हणून मोकळी होतात. कुळावरून स्वभाव आणि स्वभावावरून कृत्य, असा हा तर्क. मग मुलांवरही तोच शिक्का. मायकेलने चाकरी सोडल्यावर पलटणी फिदेले आणि बातिस्त यांच्याकडे आल्या. १८०१ मध्ये होळकरांशी इंदूरला लढाई झाली, त्यानंतर फिदेलेवर फितुरीचा आरोप आला आणि कैदेत असताना त्याने स्वतःचा गळा कापून घेतला. बापाने दगा दिला, मुलाने दिला, असे दोन ठोकळे एकावर एक ठेवले की घराण्याचा स्वभाव तयार.

उरला बातिस्त. तो या साच्यात बसत नाही. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ ला, त्याच्या पलटणी दुपों नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. त्या वर्षी स्मिथसारखे अधिकारी कंपनीकडे गेले. बातिस्त शिंद्यांकडेच राहिला. १८१० मध्ये दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरला कायमची पडली आणि तिचेच लष्कर हे शहर झाले. आपल्यापैकी पुष्कळांचे खापरपणजोबा ज्या छावणीतून आले त्याच छावणीतून फिलोस आले. देशी माणसे त्याला आडनावाने कशाला ओळखतील? 'जान बत्तीस' म्हणायची. मोडी कागद चाळताना 'फ' खाली तो सापडला नाही म्हणून निराश होऊ नये, 'ज' आणि 'ब' खाली बघावे.

त्याचे श्योपूरचे प्रकरण तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दौलतरावांनी तो मुलूख त्याला जहागीर दिला. किल्ला गौड राजपुतांचा. हल्ल्याने मिळेना, म्हणून बातिस्तने वेढा घालून रसद तोडली आणि १८०९ मध्ये गौडांना बाहेर पडावे लागले. मग तो तिथे राहू लागला, टांकसाळ काढली; त्याच्या रुपयावर तोफेचे चिन्ह असायचे. पुढे राघोगडच्या जयसिंह खीचीने, ज्याचे राज्य बातिस्तनेच घेतले होते, श्योपूरचा किल्ला घेतला आणि आत फिलोसचे कुटुंब सापडले. हे सारे लुअर्डच्या काळच्या गॅझेटियरमध्ये चार ओळींत आहे, आणि मला तर त्या चार ओळी कॉम्प्टनच्या पुरवणीपेक्षा मोलाच्या वाटतात. कारण तिथे पहिल्यांदा 'कुटुंब' हा शब्द येतो. नेपल्सच्या माणसाच्या मुलाचे घर श्योपूरच्या किल्ल्यात, आणि त्या घरातली बायकामुले एका खीची राजपुताच्या ताब्यात. ती कोण होती? त्यांची भाषा कोणती, नावे काय?

या लष्करी चरित्रग्रंथांत बायकांना फारशी नावे नसतात. 'देशी स्त्री' एवढ्यावर काम भागते. बातिस्तची आई हिंदुस्थानी होती असे सांगताना तो तपशील त्याचा दर्जा ठरवण्यासाठी येतो, तिची ओळख म्हणून नव्हे. म्हणजे घराण्याच्या दोन मुळांपैकी एक, ज्याच्याबद्दल एका टोमण्याखेरीज पुरावा नाही, ते नेपल्सचे मूळ ठळक छापले गेले; आणि दुसरे, या मातीतले, कोरे राहिले. फिलोसांना आजही 'इटालियन' म्हणतात ते या कोऱ्या जागेमुळे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईसाठी जागा असते. ग्वाल्हेर कंपनीच्या हद्दीबाहेर, त्यामुळे लंडनला गेलेल्या कंपनीच्या चर्च-नोंदींत इथली माणसे क्वचितच असायची; शोध घ्यायचा तो आग्ऱ्याच्या कॅथलिक मिशनच्या कागदांत. आणि योगायोग असा की ते मिशन इटालियन कापुचिन साधूंचेच. लिहिणारा इटालियन असेल तर आडनावही त्याने बरोबर लिहिले असण्याची शक्यता जास्त.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो, कारण त्यात मीही पडलो होतो. मूळपुरुष मायकेल आणि महालवाला मायकेल या दोघांना एक समजून केलेली टिपणे मी पाहिली आहेत. नानांना पकडणाऱ्याच्या हातून जयविलास बांधवणारी. मधे पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. दक्षिण इटलीत थोरल्या नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आपल्या वंशावळीत दर तिसऱ्या पिढीला तोच विठ्ठलराव येतो आणि तारीख नसेल तर आजोबा-नातू एक होऊन जातात. फिलोसांच्या घरात तर ही रीत दोन्ही बाजूंनी आलेली असणार.

तेव्हा कॉम्प्टन वाचावा, पण १८०३ पर्यंतच्या लढायांसाठी वाचावा. घराण्यासाठी पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे दौलतराव शिंद्यांवरचे खंड, १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटनची पत्रे, आणि ग्वाल्हेर दरबारचे मोडी कागद. सक्सेनांनी १९४१ साली उर्दू-फारसीतल्या युरोपी आणि मिश्र वंशाच्या कवींवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात फिलोसांचीही हजेरी आहे. कवायती पलटणीवाल्याच्या घरात गझल लिहिली जात होती, हे खेचरांच्या वाक्यावरून कुणाच्या ध्यानात आले असते?

आपल्या मंडळाच्या काही सभासदांकडे आजोबांच्या वेळच्या मोडी ट्रंका अजून बंद आहेत. त्यांत जहागिरीच्या हिशेबात, पगाराच्या याद्यांत, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्यांत 'बत्तीस साहेब' दिसला तर तो आकडा समजून सोडून देऊ नये. कागदाचा फोटो काढावा, मागची बाजूही घ्यावी, आणि तो कुणाच्या घरच्या ट्रंकेतून आला ते लिहून ठेवावे.